साक्यातील साक्ष

समुद्राच्या तळाशी जे जे पोहोचते त्याचा थर बनतो, आणि ज्याचा थर बनतो त्याचा कालांतराने खडक होऊ शकतो, हे भूविज्ञानातील अगदी प्राथमिक सूत्र आहे. नद्यांनी वाहून आणलेली माती, वाऱ्याने उडवून नेलेली धूळ, ज्वालामुखींची राख आणि पाण्यात जगून मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचे हे सारे सावकाश खाली बसत राहते. भूविज्ञान त्याला अवसाद म्हणते, तर व्यवहारातील मराठीत त्यालाच गाळ किंवा साका म्हटले जाते. किनाऱ्यापासून दूर, खोल महासागरात हा साका हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साचतो, तर नद्यांच्या मुखाजवळ तेवढाच थर एखाद्या वर्षातही बसतो. वेग कोणताही असला तरी क्रम मात्र ठरलेला असतो: जुने खाली आणि नवे वर. निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ मध्ये मांडलेल्या या नियमावरच, थरांच्या क्रमावरून काळ ठरवणारे शास्त्र, म्हणजे स्तरविज्ञान, उभे आहे.

केवळ क्रम कळून भागत नाही. इटलीतला एखादा थर आणि भारतातला एखादा थर एकाच काळातले आहेत, हे ठरवायचे असेल तर दोन्हीकडे एकसारखी सापडणारी, थोडक्या काळात जगभर पसरलेली आणि नंतर न पुसली गेलेली अशी एखादी खूण लागते. अशा खुणेचे गाजलेले उदाहरण म्हणजे इटलीतील गुब्बिओजवळच्या चुनखडकात सापडलेला मातीचा एक पातळ थर. पृथ्वीच्या कवचात अत्यंत दुर्मिळ असलेला इरिडियम हा धातू त्या थरात अनपेक्षित प्रमाणात आढळला आणि लुईस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये त्याचा संबंध एका प्रचंड अशनीच्या आघाताशी जोडला. तोच इरिडियम पुढे जगात अनेक ठिकाणी त्याच पातळीवर सापडला आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर नाहीसे होण्याच्या वेळी, एका कल्पाचा शेवट झाल्याची ती सर्वमान्य खूण ठरली. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे, ते दख्खनचे थरही त्याच सुमारास साचत होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून समुद्राच्या साक्यात अशीच एक नवी खूण उतरू लागली आहे. ती आकाशातून आलेली नाही आणि पृथ्वीच्या पोटातूनही आलेली नाही. ती कारखान्यांत तयार झाली आहे. सूक्ष्मप्लास्टिक हे तिचे नाव. प्रदूषणाचा प्रश्न म्हणून तिच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. या प्रकरणात तिचा विचार काळ सांगणारी वस्तू म्हणून, स्तरविज्ञानाच्या नजरेने, करायचा आहे.

कणाची ओळख

कार्बनयुक्त लहान रेणूंची साखळी जोडत जाऊन बनवलेल्या लांबलचक रेणूंना बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात आणि प्लास्टिक हे अशाच बहुवारिकांपासून घडवले जाते. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले बेकेलाइट हे पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक मानले जाते. त्यानंतर १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत पॉलिएथिलीन अपघातानेच हाती लागले, १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन बनले, १९४१ मध्ये पॉलिएस्टर धाग्याचे आणि आजच्या पाण्याच्या बाटल्यांचे द्रव्य असलेले पीईटी आले आणि १९५०च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन बाजारात उतरले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या पदार्थांचे उत्पादन मर्यादित होते. १९५० मध्ये जगभरात सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार झाले, तर २०१५ मध्ये हाच आकडा सुमारे ३८ कोटी टनांवर गेला. रोलँड गायर, जेना जॅमबेक आणि कारा लॉ यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०१५ पर्यंत एकूण ८३० कोटी टन प्लास्टिक बनले, त्यातील ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्के पुन्हा वापरात आला.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणाला सूक्ष्मप्लास्टिक म्हणण्याचा प्रघात आहे. या नावाला शास्त्रीय लेखनात चलन मिळवून दिले ते प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधाने. परंतु सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण तरंगत असल्याची नोंद एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ यांनी १९७२ मध्येच केली होती. या कणांचे दोन वर्ग पडतात. कारखान्यातून निघतानाच लहान असलेले, उदाहरणार्थ प्लास्टिकच्या वस्तू ओतण्यासाठी कच्चा माल म्हणून वापरले जाणारे साबुदाण्याएवढे दाणे, हे प्राथमिक. आणि मोठ्या वस्तूंच्या झिजण्यातून, फुटण्यातून किंवा उसवण्यातून बनलेले ते दुय्यम.

दुय्यम कणांचा मोठा भाग तंतूंचा असतो आणि हे तंतू दैनंदिन व्यवहारातून अखंड निघत असतात. थॉम्पसन यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवून दिले की ॲक्रिलिक कापडाची सहा किलोंची एक धुणावळ यंत्रात धुतली तर तिच्यातून सात लाखांहून अधिक तंतू सांडपाण्यात जाऊ शकतात. मासेमारीची जाळी हाही तंतूंचा एक उगम आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी समाज पिढ्यान् पिढ्या वापरत आलेले डोल जाळे, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधून ठेवायचे पिशवीच्या आकाराचे जाळे, पूर्वी ताग आणि सुतापासून विणले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा नायलॉन आणि पॉलिएथिलीनने घेतली. तागाचे जुने जाळे फाटले तर ते कुजून जाई, त्याची नोंद गाळात राहत नसे. नायलॉनचा तुटलेला धागा मात्र गाळात उतरतो आणि तेथेच राहतो.

तरंगणारे तळाशी कसे पोहोचते

प्लास्टिक तरंगते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. समुद्राच्या पाण्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलके असल्यामुळे तरंगतात. नायलॉन मात्र १.१४ ग्रॅमच्या आणि पीईटी १.३८ ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे ते आपल्याच वजनाने बुडतात. मुख्य कोडे आहे ते हलक्या प्लास्टिकचे. जॅमबेक यांच्या २०१५च्या अंदाजानुसार एकट्या २०१० या वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेले, परंतु पृष्ठभागावर तरंगताना मोजले गेलेले प्लास्टिक या आकड्याच्या मानाने फारच थोडे भरते. उरलेले कोठे जाते, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग तळाच्या साक्यात आहे.

हलका कण बुडण्यामागे बहुतांशी जीवसृष्टीचाच हात असतो. पाण्यात पडलेल्या प्लास्टिकवर थोड्याच दिवसांत जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, त्यावर शैवाल आणि पुढे शिंपल्यांसारखे कवचधारी जीव वस्ती करतात आणि या बिऱ्हाडाच्या वजनाने कण खाली जाऊ लागतो. दुसरा मार्ग अन्नसाखळीतून जातो: कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी अन्न समजून हे कण गिळतात आणि त्यांच्या विष्ठेच्या घट्ट गोळ्यांत बांधले जाऊन ते तळाकडे उतरतात. मृत जीवांचे अवशेष, श्लेष्मा आणि विष्ठा यांचे पुंजके समुद्रात वरून खाली सतत झरत असतात. त्यांना सागरी हिम म्हणतात आणि त्या हिमात अडकलेले प्लास्टिकही त्याच्याबरोबर खाली जाते. थोडक्यात, ज्या प्रक्रियेने प्राचीन समुद्रांतील सूक्ष्म जीवांची कवचे तळाशी जाऊन चुनखडक बनले, त्याच प्रक्रियेने आज प्लास्टिक गाळात शिरत आहे.

तळाशी पोहोचल्यावरही त्याचा प्रवास संपत नाही. खंडमंचाच्या कडेवरून गाळ आणि पाण्याचे जड मिश्रण अधूनमधून दरीतून उतरणाऱ्या लोंढ्यासारखे खोल समुद्रात कोसळते, आणि तळालगत वाहणारे संथ प्रवाह तो गाळ पुन्हा वेचून विशिष्ट जागी ढिगांसारखा रचतात. इयन केन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये इटलीच्या पश्चिमेकडील तिरेनियन समुद्रातील अशाच एका ढिगाचा अभ्यास केला, तेव्हा केवळ ५ सेंटिमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत कण आढळले. भारतीय उपखंडाच्या दोन्ही बाजूंना असे गाळाचे प्रचंड पंखे आहेत. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी हिमालय झिजवून आणलेल्या गाळाचा बंगालच्या उपसागरातील पंखा सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा असून तो जगातील सर्वांत मोठा आहे, तर अरबी समुद्रात सिंधूचा पंखा पसरला आहे. पर्वतांची माती ज्या वाटांनी या पंख्यांवर जाते, त्याच वाटा नद्यांत पडलेल्या प्लास्टिकलाही खुल्या आहेत.

एका गाभ्याचे वाचन

साक्यातील नोंद वाचायची तर साका न विस्कटता वर आणावा लागतो. जहाजावरून नळी किंवा पेटीच्या आकाराचे उपकरण तळात रुतवून गाळाचा जो उभा तुकडा काढला जातो, त्याला गाभा म्हणतात. मात्र समुद्रतळावर बहुतेक ठिकाणी किडे, खेकडे आणि शिंपले गाळ सतत उकरत असल्यामुळे वरचे खाली आणि खालचे वर होते. म्हणून अभ्यासक अशा जागा शोधतात जिथे तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे उकरणारे प्राणी जगत नाहीत आणि थर एखाद्या वहीच्या पानांसारखे एकावर एक शाबूत राहतात.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत सुमारे ५८० मीटर खोल असलेले सांता बार्बराचे खोरे ही अशीच एक जागा आहे. तेथून २०१० मध्ये काढलेला एक गाभा जेनिफर ब्रँडन, विल्यम जोन्स आणि मार्क ओहमन यांनी पातळ चकत्यांत कापून तपासला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या गाभ्यात १८३४ पासून २००९ पर्यंतचा गाळ क्रमाने साचलेला होता. म्हणजे खालच्या चकत्यांत प्लास्टिकपूर्व जग होते आणि वरच्या चकत्यांत प्लास्टिकचे.

चकतीतील प्लास्टिक वेगळे काढण्याची सर्वसाधारण रीत तांदूळ पाण्यात ढवळून कोंडा वर काढण्यासारखी असते, परंतु पाण्याऐवजी येथे झिंक क्लोराइडसारख्या क्षाराचे जड द्रावण वापरले जाते. त्यात वाळूचे आणि मातीचे कण बुडतात, तर प्लास्टिकचे वर येतात. वर आलेल्या भागातील सेंद्रिय अंश हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळून टाकला जातो, उरलेले गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जाते आणि संशयित कणावर अवरक्त किरण टाकून कोणत्या तरंगलांबीचे किरण शोषले गेले, यावरून तो पॉलिएस्टर आहे की नायलॉन, हे ओळखले जाते. या सर्व खटाटोपातील सर्वांत मोठी अडचण ही की तंतू हवेतही असतात. संशोधकाच्या अंगावरील कापडातला एक धागा नमुन्यात पडला तरी इतिहास चुकतो. म्हणून प्रयोगशाळांत सुती वस्त्रे घातली जातात, आणि शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवून तिच्यात किती धागे पडले हे मोजून तेवढे वजा केले जातात. सांता बार्बराच्या गाभ्याने या बाबतीत एक अंगभूत कसोटीच पुरवली. प्लास्टिकचा शोधच लागला नव्हता अशा काळातील चकत्यांतही काही तंतू निघाले; ते अर्थातच नमुना काढताना आणि हाताळताना शिरलेले होते, आणि त्यामुळे दूषणाचे प्रमाण किती धरावे, याचे माप हाती आले.

ते माप वजा केल्यावर जे उरले ते स्पष्ट होते. १९४५ नंतरच्या थरांत प्लास्टिकचे कण सतत वाढत गेले होते आणि त्यांचे प्रमाण दर १५ वर्षांनी दुप्पट होत होते. कणांमध्ये बहुसंख्य तंतूच होते. जगातील प्लास्टिक उत्पादनाचा आलेख आणि कॅलिफोर्नियाच्या किनारी लोकसंख्येचा आलेख यांच्याशी गाळातला हा आलेख जुळत होता; कारखान्यांनी कागदावर ठेवलेल्या नोंदी आणि समुद्राने न मागता ठेवलेली नोंद यांचा मेळ बसला.

समुद्राच्या पाण्यातील अशीच एक जुनी नोंद ब्रिटिश संशोधकांच्या हाती आधीपासून होती. ॲलिस्टर हार्डी यांनी बनवलेले, प्लवक टिपणारे एक यंत्र १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे दोरीने बांधून ओढले जात आले आहे. त्यातील रेशमी जाळीच्या पट्टीवर प्लवक अडकतात आणि ती गुंडाळी पुढे जतन करून ठेवली जाते. थॉम्पसन यांनी २००४ मध्ये याच जुन्या पट्ट्या काढून पाहिल्या, तेव्हा १९६०च्या दशकापासून पुढे त्यांच्यावरील प्लास्टिक वाढत गेल्याचे दिसले. त्याच यंत्रांच्या नोंदवह्यांत यंत्र कशात अडकले याच्याही नोंदी होत्या: १९५७ मध्ये आइसलँडजवळ मासेमारीची दोरी आणि १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येस प्लास्टिकची पिशवी.

प्रकारावरून काळ

स्तरविज्ञानात निदर्शक जीवाश्म अशी एक संकल्पना आहे. जो जीव थोडाच काळ जगला परंतु दूरवर पसरला, त्याचा अवशेष ज्या थरात सापडेल तो थर त्या थोड्या काळातलाच असणार, असा त्यामागील तर्क आहे. अमोनाइट या शंखधारी प्राण्यांच्या जाती यासाठी विशेष वापरल्या जातात. प्लास्टिकला हा तर्क लावता येतो, कारण प्रत्येक प्रकाराची जन्मतारीख कागदोपत्री ठाऊक आहे. ज्या थरात नायलॉनचा तंतू आहे तो १९३०च्या दशकाआधीचा असू शकत नाही. पॉलिप्रॉपिलीन असेल तर तो १९५०च्या दशकाअलीकडचा. पेयाच्या पीईटी बाटलीचा तुकडा असेल तर १९७०च्या दशकाअलीकडचा. कोट्यवधी वर्षांचा हिशेब करणाऱ्या भूविज्ञानाला दशकाइतकी बारीक विभागणी क्वचितच मिळते.

एखादी दुर्घटनाही थरात आपली वेगळी रेघ ओढू शकते. २०२१च्या मे-जूनमध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे मालवाहू जहाज पेटून बुडाले, तेव्हा सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात सांडले आणि श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचे ढीग साचले. काही दाणे जळून काळवंडलेले होते. ज्वालामुखीच्या एका उद्रेकाची राख जशी एका तारखेची खूण ठरते, तसे हे जळके दाणे ज्या पुळणीच्या थरात गाडले गेले तेथे २०२१ हे वर्ष कायमचे नोंदले गेले आहे. असे दाणे नेहमीच्या मालवाहतुकीतूनही सांडत असतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी गोव्याच्या किनाऱ्यांवरील दाण्यांची तपासणी करून २०१६ मध्ये दाखवले की त्यांत पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचेच प्राबल्य आहे आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ते अधिक प्रमाणात किनाऱ्याला लागतात. गुजरातमधील अलंग-सोसिया जहाजतोडणी पट्ट्यात तर २००६ मधील एका अभ्यासात किनारी गाळाच्या दर किलोमागे सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लास्टिकचे बारीक तुकडे सापडले होते.

खुणेचे दोष

तरीही ही खूण निर्दोष नाही, आणि तिची बाजू मांडणाऱ्यांनी तिचे दोष झाकून चालणार नाही. पहिला दोष असा की प्लास्टिक जगभर एकाच वेळी पोहोचले नाही. औद्योगिक देशांच्या किनाऱ्यांवर ते आधी आले, इतरत्र मागाहून. आणि नदीत पडलेली पिशवी तुटून, फुटून, तरंगून तळाशी जाईपर्यंत वर्षे किंवा दशके लोटतात. दुसरा दोष असा की थरात सापडलेला कण केवळ खालची मर्यादा सांगतो. पॉलिप्रॉपिलीन सापडले म्हणजे थर १९५०च्या आधीचा नाही, इतकेच सिद्ध होते; तो १९६०चा आहे की २०२०चा, हे त्यावरून ठरत नाही.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे: कण स्वतःच्या थरात स्थिर राहतीलच, याची खात्री नाही. इंता दिमांते-दैमांतोविचा आणि सहकाऱ्यांनी लाटव्हियातील तीन सरोवरांच्या गाळाचा अभ्यास करून २०२४ मध्ये दाखवले की तेथे प्लास्टिकचे कण अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थरांपर्यंत खाली पोहोचले आहेत. अठराव्या शतकात प्लास्टिक नव्हते, तेव्हा कण खाली झिरपले असाच याचा अर्थ होतो. सैल, पाणीदार गाळाच्या छिद्रांतून लहान कण खाली सरकू शकतात आणि त्यामुळे ‘जिथे पहिले प्लास्टिक तिथे मानवी युगाचा आरंभ’ असे सरळ समीकरण मांडणे धोक्याचे ठरते.

म्हणूनच प्लास्टिकच्या साक्षीला इतर साक्षीदारांची जोड दिली जाते. नैसर्गिकरीत्या गाळात उतरणाऱ्या शिसे-२१० या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण सुमारे २२ वर्षांनी निम्मे होते आणि त्यावरून गेल्या शे-सव्वाशे वर्षांतील थरांचे वय काढता येते. अण्वस्त्रांच्या वातावरणातील चाचण्यांतून पसरलेले सीझियम-१३७ हे १९६३च्या सुमारास शिखर गाठते आणि त्याच चाचण्यांतील प्लुटोनियम १९५०च्या दशकाच्या आरंभी जगभरच्या गाळात एकदम दिसू लागते. या मोजमापांच्या चौकटीत बसवल्यावर प्लास्टिकची उपयुक्तता खऱ्या अर्थाने कळते: अचूक तारीख सांगण्याचे काम प्लुटोनियम अधिक चांगले करते, परंतु त्या तारखेनंतर माणसे कशी जगली, काय नेसली आणि काय टाकून दिले, हे प्लास्टिकच सांगते.

कचऱ्याचा खडक

प्लास्टिक गाळात किती काळ टिकेल, याचे उत्तर ते कोठे गाडले गेले यावर अवलंबून आहे. किनाऱ्यावरील उन्हात अतिनील किरणांनी ते ठिसूळ होऊन फुटते. खोल समुद्राच्या अंधारात, गोठणबिंदूच्या थोड्याच वर असलेल्या पाण्यात आणि प्राणवायूविना गाडले गेले तर त्याचे विघटन अतिशय मंदावते. यान झालासेविच आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्लास्टिकच्या भूवैज्ञानिक चक्राचे विवेचन करताना असे मांडले की ज्या परिस्थितीत प्राचीन पाने, परागकण आणि लाकूड शिळारूप होऊन टिकले, त्या परिस्थितीत प्लास्टिकचेही अवशेष किंवा निदान त्यांचे ठसे टिकू शकतील.

काही ठिकाणी तर वाट पाहण्याची गरजच उरलेली नाही. हवाईमधील कामिलो किनाऱ्यावर वितळलेल्या प्लास्टिकने वाळू, प्रवाळाचे तुकडे आणि बसाल्टचे गोटे एकत्र सांधलेले दगड आढळतात. पॅट्रिशिया कॉरकोरन, चार्ल्स मूर आणि केली जॅझवॅक यांनी २०१४ मध्ये त्यांचे वर्णन करून त्यांना ‘प्लास्टिग्लोमरेट’ असे नाव दिले. गोट्यांच्या नैसर्गिक मिश्रखडकात चुना किंवा सिलिका जे सांधण्याचे काम करते, ते येथे शेकोटीत वितळलेल्या दोरीने आणि डब्याने केले आहे. हलके प्लास्टिक दगडांना बांधले गेल्यामुळे जड होते, वाऱ्याने उडत नाही, आणि म्हणून गाडले जाण्याची त्याची शक्यता वाढते.

या चक्राला आणखी एक वळण आहे. खनिज तेल आणि वायू हे स्वतःच कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जैव अवशेषांचे, बहुतांशी समुद्रतळावर बसलेल्या सूक्ष्म जीवांचे, रूपांतर आहे. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ मध्ये मुंबई हायचे तेलक्षेत्र सापडले; तेथील वायूतून वेगळ्या काढलेल्या इथेन आणि प्रोपेनवर चालणारे पेट्रोरसायन संकुल पुढे रायगड जिल्ह्यात नागोठणे येथे, अंबा नदीच्या खोऱ्यात, उभे राहिले आणि तेथे पॉलिएथिलीन तयार होऊ लागले. समुद्रतळाखालून निघालेला कार्बन अशा रीतीने पिशवी होऊन जगात फिरतो आणि त्याचा काही भाग पुन्हा समुद्रतळावर परततो. पुढेमागे तो गाळ पुरेसा खोल गाडला जाऊन तापला, तर त्यातील बहुवारिकांचे पुन्हा हायड्रोकार्बनांत विघटन होणे रसायनशास्त्राला धरूनच आहे. फरक वेळेचा आहे: गाडले जाण्यापासून तेल बनण्यापर्यंत कोट्यवधी वर्षे, आणि तेल उपसण्यापासून कचरा होण्यापर्यंत कित्येकदा काही महिने.

नावाचा वाद

माणसाने पृथ्वीवर इतका बदल घडवला आहे की त्यासाठी स्वतंत्र भूवैज्ञानिक युग मानावे, ही सूचना पॉल क्रुट्झेन आणि युजीन स्टोर्मर यांनी २००० मध्ये ‘अँथ्रोपोसीन’, म्हणजे मानवयुग, या नावासह लिखित स्वरूपात मांडली. भूवैज्ञानिक कालगणनेत नव्या विभागाची भर घालणे ही एक काटेकोर प्रक्रिया असते. जगातील एका विशिष्ट जागी, एका विशिष्ट थरात, त्या विभागाचा आरंभबिंदू निश्चित करावा लागतो आणि त्याला बोलीभाषेत सोन्याचा खिळा म्हणतात. सध्याच्या होलोसीन युगाचा आरंभ ग्रीनलँडच्या बर्फातील एका पातळीवर, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी, मानला आहे. आणि त्या युगाचा चालू काल, ज्याला २०१८ मध्ये मेघालयन असे नाव मिळाले, त्याचा आरंभबिंदू मेघालयातील मावम्लुह गुहेत, ठिबकत्या पाण्यातील चुन्याने घडलेल्या एका खांबात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या पातळीवर ठरवला गेला आहे.

मानवयुगाच्या प्रस्तावावर २००९ पासून एका कार्यगटाने काम केले. गटाने कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील क्रॉफर्ड सरोवराचा गाळ आरंभबिंदू म्हणून २०२३ मध्ये निवडला आणि मुख्य खूण म्हणून प्लुटोनियमला पसंती दिली. प्लास्टिक हे पूरक खुणांत राहिले. मार्च २०२४ मध्ये संबंधित उपआयोगाने हा प्रस्ताव १२ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला आणि आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेने तो निर्णय कायम केला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे माणसाचा प्रभाव नाही असे नव्हते. शेतीपासून, जंगलतोडीपासून, वसाहतींपासून आणि वाफेच्या यंत्रापासून टप्प्याटप्प्याने वाढत आलेल्या प्रभावाला विसाव्या शतकाच्या मध्यावर एक रेघ ओढून युगाचा दर्जा देणे त्यांना घाईचे वाटले. ही हरकत वजनदार आहे, कारण ज्या शास्त्राची युगे हजारो-लाखो वर्षांची असतात, त्याने सत्तर वर्षांच्या थराला युग म्हणण्यापूर्वी थांबणे स्वाभाविक आहे.

परंतु मतदान नावावर झाले, थरावर नाही. सांता बार्बराच्या खोऱ्यात १९४५ नंतर जे साचले ते फेटाळण्याचा अधिकार कोणत्याही आयोगाला नाही, आणि तो कोणी मागितलेलाही नाही. युग म्हणा किंवा म्हणू नका, विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या समुद्री गाळात असा पदार्थ आहे जो त्याआधीच्या कोणत्याही गाळात आपोआप घडला नव्हता. स्तरविज्ञानाच्या कामासाठी एवढे पुरेसे आहे.

थराचा माथा

प्रत्येक खूणथराला तळ असतो आणि माथाही असतो. गुब्बिओचा इरिडियमयुक्त थर जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा आहे. त्याच्या वर पुन्हा साधा चुनखडक सुरू होतो, कारण आघात झाला आणि संपला. प्लुटोनियमच्या थरालाही माथा मिळाला आहे: १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी वातावरणातील अणुचाचण्या थांबवण्याचा करार केला आणि त्यानंतरच्या गाळात त्या किरणोत्सारी द्रव्यांचे प्रमाण उतरत गेलेले स्पष्ट दिसते. एका सहीचा परिणाम समुद्राच्या तळाशी वाचता येतो, याचा याहून स्वच्छ पुरावा देता येणार नाही.

प्लास्टिकच्या थराचा तळ १९४५ ते १९५५ या दशकाच्या आसपास आहे, हे आता पुरेशा खात्रीने सांगता येते. त्याचा माथा मात्र अजून साचलेला नाही. प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संमत केला. त्यासाठीच्या वाटाघाटींची जिनिव्हा येथील फेरी ऑगस्ट २०२५ मध्ये सहमतीविना संपली. तळावरचा साका त्या काळातही बसतच होता.